उभी आलेली

पुराच्या दिवसांत कालाबोहून मोंगूला येणाऱ्या होडीत
वल्हवणारे उभे असतात, बायका बसतात.
इनोंगे साडेचार तास उभी आली.
वल्हेकरी दोनदा म्हणाला, बस गं, होडी कलते.
ती बसली नाही.

माझ्या खोलीतही बसली नाही.
खुर्चीची पाठ धरून म्हणाली,
"सिस्टर, कालपासून पाणी प्यायले नाही."
खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत पाणीच होतं.
प्यायलं की लघवीला जावं लागतं,
आणि लघवी म्हणजे...
वाक्य तिनं तिथंच सोडलं.

पडदा ओढला. हातमोजे चढवले.
पुस्तकातल्या फोडांना कडा असतात,
दहा दिवसांत खपली धरते, बाई घरी जाते.
हिचे एकमेकांत मिसळून गेले होते,
ओल्या भिंतीचे पोपडे सुटावेत तसे.

"एचआयव्हीच्या गोळ्या?"
"घर हलवलं तेव्हा डबा राहिला."
"कधी?"
"जानेवारीत."
मार्च संपत आला होता.

मी रागावणार होते, शब्द तोंडात तयार होते.
पण उभ्या माणसावर रागावता येत नाही,
निदान मला आलं नाही.

सांगितलं, हा विषाणू कण्याजवळच्या नसांत झोपतो.
शरीराचा पहारा ढिला पडला की उठतो.
"मग मारून टाका त्याला."
मारता येत नाही. झोपवता येतो.
"म्हणजे माझ्या सासऱ्यासारखा," ती म्हणाली,
आणि हसली, आणि हसल्यानं दुखलं म्हणून
माझं मनगट धरलं.

अ‍ॅसायक्लोव्हिर, चारशेची, दिवसातून तीनदा.
पाच दिवस नाही, दहा. नंतर तपासू.
पुढं रोज दोन, पहारा पुन्हा उभा राहीपर्यंत.
जुन्या गोळ्या आजपासून परत, रक्त तपासून.
आणि पाणी प्यायचं.
भरपूर प्यायचं, लघवी पातळ होते.
बसशील तेव्हा तांब्यानं वरून पाणी सोडत राहा.
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.
हे मला एका म्हाताऱ्या दाईनं सांगितलं होतं,
तिला कुणी सांगितलं ते विचारायचं राहिलं.

सुकटीच्या पिशवीत गोळ्या बांधून ती गेली.
उभीच.

मेमध्ये पुन्हा उठलं, पण थोडं.
ऑगस्टात नाही.
पूर ओसरला, होडीच्या वाटेवर गुरं चरू लागली.
ती ट्रकनं आली, बाकावर बसली,
एका अंगावर कलून, सवय राहिली होती तशी.

भिंतीला टेकून एक पोरगी उभी होती.
बाकावर जागा होती. तिघींनी सरकून दाखवली.
पोरगी मान हलवायची, मोबाइलमध्ये बघायची.
ओठ कोरडे, सालपटं निघालेली.

मी दारातून पाहत होते.
इनोंगे उठली.
काही विचारलं नाही,
तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली थोडा वेळ.
मग पिशवीतून प्लास्टिकचा मग काढला
आणि तिला नळाकडे घेऊन गेली.