दीड पुरुष उंच

चूक विल्फ हार्कसची.
त्याचं वासरू मी दोन रात्री शेगडीपाशी जगवलं,
तर मार्चमध्ये त्याने ट्रेलरभर शेणखत आणून
रास्पबेरीच्या वाफ्यात पालथं केलं. विचारलंसुद्धा नाही.
आता बघा. सप्टेंबर सरतोय
आणि नवे फोक दीड पुरुष उंच,
वरची तार त्यांच्या कमरेला लागते.

वेस्ट्रे बेटावर असं वाढायची रीत नाही.
इथे झाड म्हणजे भिंतीआड दबून बसलेलं काहीतरी.
भिंतीवर ज्याने डोकं काढलं
त्याची हजामत वारा करतो, पैसे न घेता.
घरंही मान खांद्यांत घालून बसलेली,
दारांच्या चौकटी अशा, की माझी ओला
चौदाव्या वर्षीच वाकून चालायला शिकली.
शाळेत तिला दीपगृह म्हणायचे.
मी म्हणायचे, पोक काढू नकोस,
आणि त्याच तोंडाने, डोकं सांभाळ.

शनिवारी रात्री वारा पश्चिमेकडून आला, खारा.
सकाळी पाहिलं तर
फोकांची साल तारेवर घासून सोललेली,
चार मोडलेले,
एकाच्या बुंध्याभोवती मातीत
भोवरा फिरावा तसं भोक, त्यात पाणी.

विल्फ कात्री घेऊन हजर. कोणी बोलावलं होतं?
“छातीच्या वरचं सगळं उडव,
वाऱ्याच्या हाती काही ठेवू नकोस.”
खरं आहे त्याचं.
पण पुढल्या जुलैचं फळ बहुतेक
वरच्या दोन हातांतच धरतं, हेही खरं.
छातीखाली काय उरेल? पानं, आणि गोगलगाई.
मी म्हटलं, चहा घे आणि जा.

यंदा फळून तपकिरी झालेल्या काठ्या
मी जमिनीलगत कापल्या, खुंट न ठेवता.
त्याचं मला काही वाटलं नाही.
त्यांचं झालं होतं.

मग नवे.
एका हाताने शेंडा, दुसऱ्याने पाठ,
वारा जिकडे जातो तिकडेच न्यायचं, त्याच्याशी भांडायचं नाही,
वेणी घालताना मुलीची मान वळवावी इतपत जोर,
आणि लाकूड कुरकुरलं की थांबायचं.
श्वास घ्यायचा. तिने नव्हे, आपण.
मग अजून थोडं.
कमान झाली की शेंडा खालच्या तारेला,
खेकड्यांच्या सापळ्यांची निळी दोरी,
मराठी आठासारखा नव्हे, इथल्या आठासारखा वेढा,
गाठ अशी, की आत बोट जावं.

सव्वीस कमानी. माझी कंबर सत्तावीसावी.

संध्याकाळी ॲबरडीनहून ओलाचा फोन.
काय करतेस? फोक वाकवतेय.
ती हसली. “ते तुला जमतंच.”
मग बराच वेळ दोन्ही बाजूंना नुसता वारा.
नव्या घराची दारं उंच आहेत, म्हणाली,
तरी मी वाकतेच, सवय.
मी तिला खत जास्त झाल्याचं सांगितलं.
विल्फचं वासरू आता केवढं झालंय तेही.

रविवारी विल्फने भिंतीवर कोपर टेकून
सगळी रांग मोजली.
कमानींवर तो काही बोलला नाही, म्हणजे आवडल्या.
“तो कोपऱ्यातला मात्र उभाच राहिला.”
दोरी संपली, मी म्हटलं.

कोटाच्या खिशात दोन वाव दोरी होती,
बोटं तिची गाठ मारत होती, सोडवत होती.
आणि तो कोपऱ्यातला, भिंतीच्याही वर गेलेला,
झोडपून घेत होता खुशाल,
उद्धट मेला,
शेंड्यावर अजून तीन पानं धरून.