जिरे

मेडिकलच्या दुसऱ्या मजल्यावर
तृप्ती बिसेन माझ्या डाव्या हातात शीर शोधते.
गोंदियाची पोर, पीएच.डी.चं तिसरं वर्ष.
तीन नळ्या, जांभळी बुचं,
प्रत्येकीवर एकशे सात.
एकशे सात म्हणजे मी.
आज, मग दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी
माझ्या रक्तात कोण जागं, कोण झोपलेलं
हे ती मोजणार.

मोजून तर मीही राहिले.
पाचपावलीची शाळा, नववीचा वर्ग,
कृतिसंशोधन: विज्ञानातील शैक्षणिक साहित्याचा परिणाम.
पूर्वचाचणी, उत्तरचाचणी.
'ब' तुकडीला प्रतिकृती, 'अ'ला नुसता फळा.
'अ'ची पोरं विचारतात,
काऊन मॅडम, आमचं काय चुकलं?

प्रतिकृती म्हणजे
इतवारीतून किलोवर आणलेले प्लास्टिकचे शिपाई,
चुन्याने रंगवलेले. त्या पांढऱ्या पेशी.
आणि जंतू म्हणून जिरे,
क्षयाचा जंतू तसाच असतो, बारीक काडीसारखा.
लढाई होते. शिपाई जिंकतात. टाळ्या.
अकरा वर्षं हेच शिकवलं,
खोकला सुरू झाला तेव्हाही.

"लघवी नारिंगी होईल, घाबरू नका," सिस्टर म्हणाली.
संत्र्याच्या गावात राहून
नारिंगीला काय भ्यायचं!
हसले. मग घरी येऊन
संडासाची कडी लावून बराच वेळ बघत उभी राहिले.

रुजू झाले तेव्हा माझा कप
स्टाफरूमच्या खिडकीत होता, पालथा, एकटा.
"काही नाही वो, धुऊन ठेवला," नंदेश्वर सर म्हणाले.
आता माझ्यापासून कोणाला काही होत नाही
हे विज्ञानाच्या बाईने
विज्ञानाच्याच सरांना सांगायचं होतं.
मी कप सरळ केला. चहा ओतला.

डिसेंबरात तृप्तीने पडद्यावर ठिपके दाखवले,
एक ठिपका, एक पेशी.
"ताई, पेशी जंतूला गिळते,
पण मारेलच असं नाही. तो आत जगतो.
मग बाकीच्या येतात, भोवती वेढा घालून बसतात.
कधी कधी वर्षानुवर्षं."
"गिळते ना पण?"
"गिळते. जिरत नाही."

रात्री पिशवीतले शिपाई चटईवर ओतले.
सगळ्यांच्या हातात बंदुका.
गिळायला तोंड एकालाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी 'ब'मध्ये कणीक नेली.
पोरांनी गोळे केले, गोळ्यांत जिरे दाबले,
एका गोळ्याभोवती दहा गोळे चिकटवले.
सुगत ढोके मागच्या बाकावरून ओरडला,
"मॅडम, नाव जिरे, अन् जिरतच नाही!"
वर्ग फुटला. मीही फुटले,
आणि हसता हसता खोकला आला.
सगळे गप्प.
खोकला थांबला तरी गप्प.
मग सुगतनेच विचारलं, हळू,
"औषध सुरू झाल्यावर या बसलेल्या पेशी काय करतात?"
म्हटलं, माहीत नाही रे.
मोजणं सुरू आहे.

एप्रिलात शेवटच्या तीन नळ्या.
"आरडाओरडा कमी झालाय, ताई.
धोका धोका म्हणून ओरडणाऱ्या पेशी उतरल्यात."
"म्हणजे थकल्या?"
"थकल्या, की काम संपलं म्हणून घरी गेल्या,
एकट्या एकशे सातवरून नाही सांगता येत."
कापूस दाबून ठेव म्हणाली.
ठेवला.

उत्तरचाचणीतला प्रश्न तिसरा:
पांढऱ्या पेशींचे कार्य लिहा. दोन गुण.
सुगतचं उत्तर:
गिळतात. काही वेळा जिरत नाही.
मग बसून राहतात. पुढचं मॅडमलाही माहीत नाही.
उत्तरसूचीत यातलं पहिलंच वाक्य होतं.
लाल पेन उघडं ठेवून बसले.
कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता.

मग उठले.
उरलेली कणीक ओल्या फडक्यात गुंडाळली,
जिऱ्याची पुडी घेतली,
आणि 'अ'च्या वर्गाकडे निघाले,
जिथे काहीच मोजायचं उरलं नव्हतं.