साडेपाच तास

खोक्यावर पाचशे बारा लिहिलेलं,
आत चारशे शहात्तर निघाले.
होमराज फोनवर म्हणाला, असंच असतं ताई,
कंपनी हजारानं मोजते,
मशीन एक हजार चोवीसनं.
मला नवल वाटलं नाही.
आमचा मामा तलाव कागदावर अठरा हेक्टर,
पाण्याखाली अकरा.
उरलेले सात कोणाच्या धानात गेले
ते गावात सगळ्यांना ठाऊक.

लॅपटॉप संस्थेचा. मागे स्टिकर, नंबर सतरा.
एका सिस्टीमवर सरकारी पोर्टल, डिजिटल सही,
मच्छीमार सोसायटीचं ऑडिट.
दुसरीवर नकाशे,
ज्यांत दोन वर्षं मी तलावाची कड काढते आहे,
एकेक ठिपका, चिखलात उभी राहून.
जुन्यात दोन्ही होत्या. जुना डोंग्यात भिजला,
चूक माझीच.

नेटची रेंज फक्त पाळीवर.
दोन रात्री बसले तुडुमाच्या दगडाला टेकून,
मोबाईल मांडीवर, फाईल उतरते आहे,
साठ टक्के, एकसष्ट,
बराच वेळ एकसष्ट.
भाऊदासकाका जाळं खांद्यावर घेऊन थांबले.
"का करून रायलीस वो?"
एका डब्यात दोन सिस्टीम घालते, म्हटलं.
"भांडतील ना."
मधे पाळ घालायची, काका.
त्यांनी बॅटरी माझ्या तोंडावर मारली, मग पाण्यावर.
"पार घालनं सोपं हाय.
रोज कोन पाहीन, कोठून झिरपते त?"

तिसऱ्या दिवशी घरी.
रिकव्हरीची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली
मासोळीच्या वहीत उतरवली,
दाडक चार किलो, बोटरी दोन, त्याच्या खाली.
झोपेचं सोंग घेणारं फास्ट स्टार्टअप बंद केलं.
एफ टू दाबायला दोनदा उशीर झाला.
मग ती पट्टी, बोटानं सरकवायची:
इतकं हिचं, इतकं तिचं.
सरकवली, हो म्हटलं,
आणि लाईट गेली.
बॅटरी बेचाळीस टक्के.
माय म्हणाली, बंद कर ना मग.
अर्ध्यात बंद केलं तर दोन्ही जातील.
ती सूप घेऊन शेजारी बसली, वारा घालत,
मला की मशीनला, कळलं नाही.
एकोणीस टक्क्यांवर झालं.

आता सुरू करताना काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात,
दहा सेकंद थांबतात.
समन्वयक मॅडम म्हणाल्या, अगं, तुझ्यासारखंच हे,
घरी एक बोली, मीटिंगमध्ये एक.
मी हसले.
पण यात एका वेळी एकच चालते, मॅडम.
मीटिंगमध्येही मी मनात 'पार'च म्हणते,
तोंडाशी आल्यावर ळ लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सरकारी बाजू उघडली.
कोपऱ्यात वेळ: साडेतीन.
होमराज हसला. नेहमीचं आहे, ताई.
एक बाजू घड्याळात इथली वेळ समजते,
दुसरी तिथं विलायतेची लिहून ठेवते.
एक ओळ टाक, जुळेल.
ओळ मला माहीत होती.

माय मागून वाकली.
आकडे ती माझ्याआधी वाचते.
"साडेतीन," म्हणाली. "उठाची बेरा."
तेवीस वर्षं याच वेळी टोपली भरून
अर्जुनीच्या पहिल्या गाडीला.
आता गुडघे ऐकत नाहीत,
सहापर्यंत पडून असते, जागीच.
खुर्ची ओढून बसली,
तीन एकतीस, तीन बत्तीस,
चहा तिथंच मागितला.

पाळीवर जाऊन पोर्टल उघडलं तर
सही घेईना. वेळ जुळत नाही म्हणे.
तरी ती ओळ मी दुपारीच टाकली.

माय परत येऊन बघून गेली.
"झालं का बरोबर?"
झालं.
"बरं," म्हणाली,
आणि खुर्ची उचलून जागेवर ठेवली.