निशाणी डावा अंगठा

रेशनच्या दुकानात मशीन म्हणालं, पुन्हा लावा.
पुन्हा लावला.
दुकानदारानं फडक्यानं माझा अंगठा पुसला,
मग काच पुसली, मग माझ्याकडे पाहिलं,
जणू मी दुसऱ्याच कोणाचा हात घेऊन आले होते.

गोळ्या गुलाबी होत्या. सकाळी तीन, रात्री तीन,
चौदा दिवस खायच्या, सात दिवस सुट्टी.
तिसऱ्या सुट्टीत तळवे लाल झाले.
संत्रं सोलताना सालीचा रस असा झोंबला
की फोड हातातून सुटली,
झाकून ठेवलेल्या कूलरखाली गेली.
रामदासपेठेत फोन केला. तिकडची पोरगी म्हणाली,
होतं तसं. क्रीम लावा, गोळ्या चालू ठेवा.
मी चालू ठेवल्या.
कातडी कांद्यासारखी निघत गेली, पापुद्र्यामागे पापुद्रा,
आणि खालून जी आली
तिच्यावर एकही रेघ नव्हती.

मेश्राम वकिलांचं टेबल सिव्हिल लाइन्समध्ये,
झेरॉक्सच्या दुकानामागे. पंखा फायलींवर, आमच्यावर नाही.
ते म्हणाले, ताई, औषधानं त्रास दिला
एवढ्यानं केस उभी राहत नाही.
त्रास होईल हे सांगितलं नाही,
झाल्यावर कळवलं तरी डोस थांबवला नाही,
चूक असलीच तर इथं.
ग्राहक आयोगात जाता येईल, पण दोन वर्षांच्या आत,
आणि तुमचं एक वर्ष तर रडण्यातच गेलं.
वैद्यक परिषदेकडे तक्रार होते, तिथं पैसा मिळत नाही.
मेडिकलमध्ये एक फॉर्मही असतो,
कोणाच्या विरोधात नाही, नुसती नोंद,
पुढच्या बाईसाठी.

'अन् आयोगात?'
आयोगात दुसऱ्या डॉक्टरचं मत लागेल,
असं म्हणून ते खिडकीकडे पाहू लागले.
या शहरात सगळे डॉक्टर
एकमेकांच्या पोरींच्या लग्नात जेवलेले आहेत.

मग त्यांनी दवाखान्याची फाइल उघडली.
संमतीपत्र. चार पानं, इंग्रजी.
शेवटी माझी सही: पुष्पलता वामन हेडाऊ.
सही येते मला. सातवी शिकले.
तरी काउंटरवरच्या पोरानं माझी साडी पाहून
शाईचा पॅड पुढे सरकवला होता,
आणि मी भांडले नाही,
त्या दिवशी दुसरंच भांडण पोटात होतं.

तो अंगठा तिथं होता.
जांभळा, गोल, कोष्ट्याच्या बाईचा,
ताणाबाणा स्पष्ट, मध्ये भोवरा,
कडेला सुतानं कापल्याची जुनी तिरपी खूण.
मी त्याच्याकडे पाहिलं,
गावाला गेलेल्या माणसाच्या फोटोकडे पाहावं तसं.

'वकीलपत्रावर सही करा. अन् ताई, अंगठाही लावा.'
लावला.
दोन कागद शेजारी ठेवले.
इकडे शाईचा नुसता ठिपका, टिकलीसारखा सपाट.
बराच वेळ कोणी बोललं नाही.
झेरॉक्सचा उजेड दाराखालून येत-जात होता.
'दुसरा डॉक्टर मिळो न मिळो,' मेश्राम म्हणाले,
'हा तरी बोलेल.'

मी म्हटलं, लिहा तर मग.
पण पहिल्याच ओळीत लिहा का या गोळीनं मले जगवलं.
'त्यानं आपली बाजू ढिली पडते, ताई.'
पडू द्या. खोटं आहे का ते?
माह्या नातीचं बारसं मी पाह्यलं,
तिले तेल लावतो तं तिची कातडी
मले लागत नाही, एवढंच.
जगवलं, अन् सांगितलं नाही.
दोन्ही लिहा.

त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं,
पुन्हा उचललं.

पाचपावलीपर्यंत ऑटोत बसून
मी पदरानं अंगठ्याची शाई पुसली.
आधी चार-चार दिवस राहायची, रेघांमध्ये, नखाच्या कडेला.
आता एका फटक्यात निघाली.
धरून ठेवायला काही नव्हतंच तिथं.