चारशे खुर्च्या

आठ वर्षांची होते तेव्हा चौगुल्यांच्या सोप्यात बसून
मी त्यांच्या वास्तुशांतीचा मांडव ठरवलाय.
शेजारी पप्पा. त्यांचे हात बोलायचे
आणि मी त्या हातांचं मराठी करायची:
चारशे खुर्च्या, दोन जाजमं, आचाऱ्याकडं वेगळा पत्रा,
ॲडव्हान्स आत्ता.
"एवढीशी पोर, काय व्यवहार करालीया बघा,"
म्हणत काकी लाडू द्यायच्या.
मी अर्धाच खायची.
उरलेलं तोंड कामाला लागायचं.

कुणी म्हणायचं, "त्या मुक्याला सांग, दर जास्ती होतोय."
मी हातांनी सांगायची, दर जास्ती होतोय.
एक शब्द खिशात ठेवायची.
फ्रॉकला खिसा नव्हता, तरी.

मग पप्पांनी फोन घेतला,
मोठ्या पडद्याचा, लक्ष्मीपुरीतनं, हप्त्यावर.
पहिला महिनाभर नुसतं हवामान बघितलं.
एक दिवस मी फुलेवाडीच्या गोदामात गेले, तर फोन
बांबूला सुतळीनं बांधून उभा केलेला
आणि पडद्यात इचलकरंजीचे लाइटवाले रफीकभाई,
त्यांनाही ऐकू येत नाही.
दोघं हातांनी भांडत होते.
पोटभर.
झुंबर का माळा, यावरनं.
मी दारात उभी.
मला कुणी काही विचारलं नाही.

आता गिऱ्हाईक जागेचा ठिपका पाठवतं, पप्पा टेम्पो काढतात.
कापडांचे फोटो जातात, अबोली, मोरपंखी, राणी,
एकावर अंगठा येतो, झालं.
कुणी बोलून पाठवलं तर पप्पा ते तसंच परत धाडतात,
खाली दोन अक्षरं: लिहा.
नगरसेवकालासुद्धा. लिहा.
माणसं किती, पंगत का बुफे,
तांबड्या-पांढऱ्याची पातेली वाऱ्याच्या कुठल्या अंगाला,
सगळं लिहून येतं आणि राहतं.
"मी असं बोललोच नव्हतो"
हे वाक्य आमच्या धंद्यातनं उठलं.

एकदा मी चोरून वाचलं.
चौगुल्यांच्या धाकट्यानं लिहिलेलं, दर जास्ती होतोय,
आणि त्याच्या आधी, तो शब्द.
मी अठरा वर्षं राखलेला.
पप्पांनी खाली लिहिलं होतं:
होय, तोच मी. दर पन तोच.
न चुकलाय.
दर नाही चुकलेला.
खाली चौगुल्याचा अंगठा.

मी राजारामपुरीत बँकेत असते आता.
काउंटरवर कुणी आवाज चढवला
की टेबलाखाली माझे हात हलतात.

गेल्या आठवड्यात पप्पांचा ठिपका आला.
कळंबा, रविवार, सहा, बारसं.
मी विचारलं, किती वाजता पोचू कामाला?
बराच वेळ "टाइप करत आहे" दिसत राहिलं.
मग: कामाला नको. जेवायला ये.
"आलो," मी लिहिलं,
कोल्हापूरच्या पोरी लिहितात तसं.

पप्पांच्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले.
तिसऱ्या रांगेत. पाय जरा डगडगत होता, खुर्चीचा.
पाळणा म्हणायला बायका उभ्या राहिल्या आणि जनरेटर बसला.
काळोखात सगळे एकदम ओरडायला लागले,
कुणाचं कुणाला कळेना.
पप्पांनी फोनची बॅटरी लावली, शर्टाच्या खिशात ठेवली,
उजेड वर.
अख्ख्या मांडवात दिसत होते ते दोन हात फक्त.
पोरं पळाली, एक डिझेलला, एक वायरला,
एक कनातीच्या मागं.
हात अजून बोलतच होते.

शेजारच्या बाई माझ्याकडं वळल्या,
"काय म्हणालेत हो ते?"

मला सगळं कळत होतं, शब्दन् शब्द.
पण तोंडात
अख्खा लाडू होता.