चित्र क्रमांक चौदा

हॉटनमध्ये मार्चअखेरही कमरेइतका बर्फ,
आणि तळघरातल्या प्रयोगशाळेत मी
आठवड्याला वीस तास, करारानुसार,
प्राध्यापक हॉलंडरांच्या जुन्या स्लाइड्स
नव्या कोर्सच्या पानांवर चढवत असते.
तीनशे बारा चित्रं. फाइलींची नावं:
बेसॉल्ट-शेवटचं, बेसॉल्ट-शेवटचं-दोन,
बेसॉल्ट-खरंच-शेवटचं.

प्रत्येक चित्राखाली एक रिकामी चौकट, सव्वाशे अक्षरांची.
ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी वर्णन लिहा.
आजवर कुणी लिहिलं नव्हतं.
या सत्रात एइनो लाहती आला.
पणजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत उतरलेले,
आणि हा, बोटांखाली टिंबं उठवणारं यंत्र घेऊन
पहिल्या बाकावर.

आधी सॉफ्टवेअरलाच विचारलं.
चौदा नंबरला ते क्षणात म्हणालं:
रंगीत काच, बहुधा चर्चची खिडकी.
हसले. पुसलं. स्वतः लिहिलं:
ध्रुवित प्रकाशात बेसॉल्टचा पातळ छेद.
अतिशय सुंदर रंग. निळा, जांभळा, केशरी.
अक्षरं मोजली, बसली. स्वतःवरच खूश.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेल, दोन ओळी:
सुंदर आहे हे तुम्ही ठरवलंत, छान.
पण कोण कोणाच्या पोटात आहे?

कोण कोणाच्या पोटात!
म्हणजे कोण आधी गोठलं, कोण मागाहून आलं.
हेच तर शिकवायचं होतं चौदा नंबरनं,
आणि मी रंगांत अडकून बसले.

हा दगड माझ्या ओळखीचा, खरं तर.
कऱ्हाडला पाट्याला टाकी लावायला भागूबाई यायची.
छिन्नी उचलण्याआधी डोळे मिटून
पाट्यावरून तळवा फिरवायची:
इथं झिजलाय. इथं अजून धरतोय.
भरड, रवाळ, चरबट, खरबरीत,
बोटांचे शब्द घरात होते ढिगानं.
इंग्रजीत नेताना निम्मे वाटेत सांडतात.

तरी लिहिलं:
लांबट काड्या आधी गोठल्या, आडव्यातिडव्या.
मागाहून वाढलेल्या एका मोठ्या स्फटिकानं
त्यांना न मोडता पोटात घेतलं.
उजव्या कोपऱ्यात लाव्हातला एक बुडबुडा,
पुढे केव्हातरी तांब्यानं भरलेला.
तांब्यातून प्रकाश आरपार जात नाही,
म्हणून तिथे सगळ्यांनाच काळं दिसतं.

चौकट लाल झाली. अक्षरं जास्त.
"केव्हातरी" काढलं. तरी लाल.
मग अगदी तळाशी एक बटण सापडलं, "लांब वर्णन",
इतकी वर्षं कुणी न दाबलेलं.

एइनोचं उत्तर आलं तेव्हा रात्रीचे अकरा,
बाहेर बर्फ ओढणारी गाडी घरघरत होती.
कळलं. तांब्याचं आधी का नाही सांगितलंत?
पंधरा नंबर कधी?

वीस तास बुधवारीच संपलेत.
पंधरा उघडते.
नुसता काळा चौकोन, टोकापासून टोकापर्यंत.
हॉलंडर बहुधा दिवा लावायलाच विसरले,
एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली,
आणि तेव्हापासून दर वर्षी वर्गाला दाखवत आले.

कर्सर चौकटीत लुकलुकतोय.