एकोणीस चिंध्या

मोराग लेनी आली ती नकाशा घेऊन नाही,
चिंध्या घेऊन.
पांढऱ्या सुती कापडाच्या, तळहाताएवढ्या,
कडा न शिवलेल्या एकोणीस चिंध्या
आणि तेवढ्याच काठ्या.

टेबलावर कॅटलॉग उघडा होता.
चेरीच्या पानाचा कोपरा थोराने
नाताळातच दुमडून ठेवलेला.
मोरागने चेरीकडे पाहिलं,
चहात साखर ढवळली,
म्हणाली, आधी वारा मोजू.

वारा! ऑर्कनीत!
चौतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनाशी काढली मी,
त्याला त्याच्या शिव्यांवरून ओळखतो.
मनात म्हटलं, बाई,
वाऱ्याची मोट बांधायला
तासाला साठ पौंड घेणारी
तूच पहिली भेटलीस.

एक फाटकाशी रोवली, एक केलच्या वाफ्यात,
एक कोळशाच्या खोपटामागे,
एक बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.
आता आठ आठवडे काही करू नका.
उपटू नका फक्त.

शेजारचा मॅग्नस कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला,
पांढरी निशाणं?
शरण गेलात की काय? आणि कुणाला?

फाटकाची चिंधी पहिल्याच वादळात गेली,
काठीला चार दोरे उरले.
केलमधली रोज थोडी थोडी विसविशीत होत होती,
भांडी विसळताना मी ते बघायचो,
आणि कुणाला सांगत नव्हतो की बघतो.

मार्चमध्ये मोराग पट्टी घेऊन आली,
गुडघे चिखलात टेकून एकेक चिंधी मोजली,
किती उरली, किती झिजली, वहीत लिहिलं.
खोपटामागची जशीच्या तशी, नुकतीच कापल्यासारखी.
तिथंच तर आमचं मांजर झोपतं,
अकरा वर्षं झाली.
त्याने फी घेतली नव्हती.

मी म्हटलं, पश्चिमेला दोन मीटरची भिंत घालतो,
विषय संपला.
नाही, ती म्हणाली. भिंतीवर आपटला
की उसळतो, वरून येऊन पलीकडे कोसळतो.
फळ्या लावा उभ्या, मध्ये तेवढ्याच फटी.
अडवू नका. गाळा.

थोराने तेव्हा माझ्याकडे पाहिलं.
आमचा एर्लेंड नोकरी सोडून घरी आला
त्या रात्री मी कोण होतो,
ते तिला आठवलं असावं.
मला तर आठवलंच.

मग आराखडा आला. विलो, रोवन,
खारं सोसणारे रानगुलाब,
बसायला दगडी बाक, पाठ पश्चिमेकडे.
चेरी कुठेच नाही.
खोपटामागे मात्र पेन्सिलीने एक वर्तुळ,
नाव न लिहिलेलं,
खाली बारीक अक्षरात: तिसऱ्या वर्षी विचारा.
मांजराला अजून कुणी सांगितलेलं नाही.

रोवनचं रोप आम्ही त्याच शाबूत चिंधीने
काठीला बांधलं. मी गाठ आवळायला गेलो,
मोरागने बोट मध्ये घातलं.
सैल. हलू दे त्याला.
हलल्याशिवाय बुंधा धरत नाही.

आता फटींतून रात्रभर बारीक शिट्टी वाजते.
थोरा झोपेत म्हणते, हा सूर जरा वर लागतोय.
काल दीड वाजता टॉर्च घेऊन बाहेर गेलो,
सातव्या आणि आठव्या फळीच्या मध्ये
पुठ्ठ्याची एक घडी सरकवली,
थांबून ऐकलं,
अजून थोडी आत ढकलली.